डावा गाल

टोनर कसा लावायचा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तोंड धुवायचं, टिपायचं, कापसावर चार थेंब घ्यायचे, हलक्या हाताने वरच्या दिशेने फिरवायचे आणि मग क्रीम. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, संपलं. पण ती कामाला होती त्या दुकानाचा नियम असा, की बाटली विकायची तर आधी स्वतःच्या गालावर लावून दाखवायची. दिवा डावीकडे, म्हणून डाव्याच गालावर. गिऱ्हाईक दिवसातून दोनदा लावणार ते ही बाई दिवसभर लावायची, वर आरशात बघून खुशीत हसायची. बरोबरच्या बायकांनी तिचं नावच आरसेबाई ठेवलं होतं.

गालाचं व्हायचं तेच झालं. आधी लाली आली, मग ती जाईना, मग साल निघू लागली. पावडरीचे थर दिले तरी दिसायचं ते दिसेच. साहेब एकदा म्हणाले, "बाई, हा गाल बघून बाटली कोण घेणार?" म्हणाले हसतच, पण साहेब हसले की आत काहीतरी शिजतंय, हे अख्ख्या दुकानाला ठाऊक होतं.

नोकरी जाऊन चालणार नव्हतं. नवरा कंबर मोडून खाटेला खिळलेला आणि लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आरसेबाईचा सगळा जीव त्या एका वर्षात अडकला होता. लेक कुठल्याही काउंटरवर उभी राहता कामा नये, मग आपलं काय व्हायचं ते होवो!

म्हणून एका सकाळी दुकान उघडायच्या आत तिने दाखवायची बाटली मोरीत ओतली आणि तीत पाणी भरलं. वासापुरते गुलाबपाण्याचे दोन थेंब. गाल निवला. गिऱ्हाइकांनाही ती तोच ओला कापूस द्यायची, आणि त्या म्हणायच्या, "अय्या, किती गार वाटतं!" बाटल्या भराभर खपू लागल्या. बिचारीला वाटलं, सुटले.

मग एक बाई लालबुंद चेहऱ्याने परत आली. बाटली काउंटरवर आपटून म्हणाली, "तुम्ही दाखवलं ते झोंबत नव्हतं. हे आग आग करतंय. मला नकली माल दिलात!"

साहेब आले. त्यांनी दोन्ही बाटल्या हुंगल्या, दाखवायची बाटली तळहातावर ओतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"पाणी?"

"गाल जळत होता, साहेब."

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. "तुम्हाला काढत नाही. मागे गोदामात खोकी भरा, निम्म्या पगारावर. आणि तुमची मुलगी डबा घेऊन येते ना? काय चेहरा आहे हो तिचा! तिला उद्यापासून इथे उभी करा."

"ती शिकतेय, साहेब."

"मग दोघीही घरी बसा."

घरी तिने तोंड उघडलं नाही. पण साहेबांनी लेकीला फोन केलेलाच होता. "वर्षभरच गं आई," लेक म्हणाली, "पुढच्या वर्षी परत नाव घालीन." खाटेवरच्या बापाने भिंतीकडे तोंड फिरवलं. आईने नुसती मान हलवली. पुढचं वर्ष येत नसतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शिकवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. साहेब मागे उभे होते आणि पहिलं गिऱ्हाईक दारातून आत येत होतं. लेकीने कापूस भिजवला.

"कुठल्या गालावर, आई?"

"डाव्या."

लेकीने कापूस फिरवला आणि डोळे गच्च मिटले. "आई गं, झोंबतंय!"

"तोंड वाकडं करू नकोस," आरसेबाई म्हणाली. "हस. बाई बघतायत."