झाकण लावा आणि विसरा

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. चार पोती गहू सहज पोटात घालते. माझी एकच तक्रार आहे. माणसांना झाकण लावता येते, पण लावलेले ठेवता येत नाही!

ज्या कारागिराने मला घडवले, तो मला विकताना म्हणाला होता, "तोंडापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि विसरून जा. आतली हवा संपली की किडे गुदमरून मरतात." पुष्कळ वर्षे माझे कौतुक झाले. मग घरात पिठाच्या पिशव्या आल्या आणि माझ्या डोक्यावर जुन्या बॅगा चढल्या.

यंदा सूनबाईंनी मला पुन्हा धुऊन पुसून उभे केले. जागा मिळाली ती त्यांच्या लेकीच्या, छकुलीच्या पलंगाशेजारी. आजोबा म्हणाले, "किडीच्या गोळ्या टाकू आत."

"बाबा, त्या विषारी असतात. इथे छकुली झोपते."

"बरं. पण महिन्याने एक जरी किडा दिसला, तर गोळ्या टाकणार म्हणजे टाकणार!"

सूनबाईंनी दाताखाली कट्‌कन वाजेपर्यंत गहू वाळवला, गार होऊ दिला, काठोकाठ भरला आणि झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली. मला वाटले, चला, आता निवांत झोपावे.

दुसऱ्या दिवशी सूनबाई कामावर गेल्या आणि आजोबा हजर! पट्टी सोडली, झाकण उचलले, गहू उकरला आणि "अजून तरी नाही," म्हणत पट्टी पुन्हा होती तशी गुंडाळली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. अहो, हवा संपत आली की तुम्हीच ताजी हवा देता! दाण्यांतल्या अंड्यांतून किडे निघत होते आणि आजोबांच्या कृपेने बाळसे धरत होते. माझे तोंड एवढे मोठे, पण बोलता येत नाही. मी नुसती धुमसत राहिले.

नवव्या दिवशी आजोबांचा चष्मा हरवला. सगळे घर पालथे घातले. बिचाऱ्या छकुलीने उगाच बोलणी खाल्ली. चष्मा कुठे होता, हे मला ठाऊक होते.

महिना भरला. झाकण उघडले, तर वर किडे फिरत होते. "बघ! सांगत नव्हतो मी?" आजोबा म्हणाले. सूनबाईंचा चेहरा उतरला. कीड किती खोल गेली आहे ते पाहायला त्यांनी हात खुपसला आणि हातात आला चष्मा.

"आजोबा, हा तर तुमचा!" छकुली ओरडली.

"बाबा, कितीदा उघडलंत?"

"रोज. म्हटलं, किडा झालाय का बघावं."

"आणि चष्मा हरवल्यावर?"

"तेव्हा वरवर चाचपून बघायचो," आजोबा पुटपुटले.

गोळ्यांचे नाव पुन्हा निघाले नाही. आजोबांनी स्वतः गहू उन्हात घातला, चाळला, गार केला आणि मला काठोकाठ भरले. अजूनही ते रोज येतात. हात झाकणाकडे जातो, पलंगावरून छकुली खाकरते आणि हात मुकाट्याने खिशात जातो.

मित्रांनो, हात जोडून सांगते, आम्हा कोठ्यांवर जरा विश्वास ठेवा. आणि हे वाचून झाल्यावर आपापली कोठी ठीक आहे ना, म्हणून लगेच उघडून बघायला धावू नका!