माझ्या पोटातली ज्वारी

मी एक जुना ऑर्गन आहे. मित्रांनो, ऑर्गन म्हटलं की तुमच्यापैकी काहींच्या डोळ्यांसमोर भिंतभर नळ्यांचं एखादं अवाढव्य धूड येईल. मी तसा नाही. मी माणसाच्या छातीइतका उंच, अक्रोडाच्या लाकडाचा, पायांनी हवा भरायचा आणि बोटांनी वाजवायचा. नांदूरघाटाजवळच्या आमच्या वस्तीत मला कुणी ऑर्गन म्हटलंच नाही. लहानथोर सगळे 'पायपेटी' म्हणत. सुरुवातीला मला या नावाचा राग यायचा. विलायतेत जन्मलेल्याला पेटी काय म्हणता! आता मात्र कुणीतरी त्याच नावाने हाक मारावी म्हणून जीव तळमळतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या बसवल्या. त्यांच्यावरून वारा गेला की त्या थरथरतात, आणि तोच माझा आवाज. वारा भरायला खाली दोन पायभाते, आणि भरलेला वारा साठवायला वर एक मोठी कातडी पिशवी. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी कथा या वाऱ्याचीच आहे.

नगरपर्यंत मी आगगाडीने आलो आणि पुढे बैलगाडीने. जामखेड मागे पडलं की इंग्रजांचा मुलूख संपायचा आणि निजामाची मोगलाई लागायची. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तिथल्या मुन्शीजींनी गाडी अडवली.

"इसमें क्या माल है?"

गाडीवान धर्मराज गडबडला. मी काय आहे हे त्यालाही कुठे ठाऊक होतं! त्याला येताना कुणीतरी सांगितलं होतं तेवढंच तो बोलला, "हुजूर, वारा हाय."

मुन्शीजींनी झाकण उघडून बोटांखालची एक पट्टी दाबली. पायाने हवा न भरता मी वाजणार कसा? त्यांनी मान हलवली. "हवा पे महसूल नहीं. जाव." असा मी, वारा म्हणून, मोगलाईत शिरलो.

आमचं देऊळ तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. ख्रिस्ती मंडळींचं उपासनेचं घर, पण बांधणी गावातल्या कुठल्याही घरासारखी. दगडमातीच्या भिंती, वर धाबं, खाली सतरंजी. बाक एकच, तोही माझ्यासमोर, रतनबाईसाठी.

रतनबाई आमच्या शाळेची मास्तरीण. संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळात तिची सगळी माणसं गेली आणि ती नगरच्या अनाथाश्रमात वाढली. तिथेच ती सुरांचा कागद वाचायला शिकली. तिला ना माहेर, ना सासर. शाळा सुटली की ती सरळ माझ्याकडे यायची, पदराने माझं झाकण पुसायची आणि बसायची. दिवसभर कुणाशी न बोललेलं सगळं ती माझ्याशी बोलायची. मी लाकडाचा असलो तरी खरं सांगतो, माझा तिच्यावर जीव जडला.

ती वर्षं सुखाची होती. बाजाराच्या दिवशी लोक खिडकीशी उभे राहून ऐकत. गावातला आश्रुबा सारंगीवाला बाहेरच्या कडुलिंबाखाली बसून माझ्या सुरावर आपल्या तारा लावून घ्यायचा. "बाई, तुमच्या पेटीचा सूर पक्का हाय," तो म्हणायचा. "माजी सारंगी जरा ऊन लागलं की रुसती." हे ऐकून मी किती फुगलो असेन याची तुम्हीच कल्पना करा. फुगणं हा तर माझा धंदाच!

आमच्याकडे सुगीत एक रीत होती. खळं झालं की प्रत्येक घरातून पहिल्या ज्वारीचं एक सूप देवळात यायचं. त्यातलं थोडं गोरगरिबांना जायचं आणि उरलेलं पुढच्या पेरणीला बी म्हणून रतनबाईच्या ताब्यात राहायचं. ज्याचं बियाणं खाऊन संपलं, त्याने पेरणीच्या तोंडावर तिच्याकडे यायचं.

एका वर्षी ज्वारी आली आणि पाठोपाठ गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. पहिला उंदीर पडल्याबरोबर दवंडी झाली आणि अख्खं गाव उठून माळावर राहायला गेलं. निघण्याच्या घाईत रतनबाईने बियाणं ठेवायला जागा शोधली. कणगी फुटकी होती आणि शाळेच्या दाराला कडी नव्हती. मग तिची नजर माझ्यावर गेली. माझ्या खालच्या बाजूला, पायभात्यांच्या मागे, एक छोटं दार होतं. आत कोरडी, बंदिस्त जागा होती. पायपेटीला चोर हात लावणार नाही, असा तिने विचार केला. तिने पायलीभर ज्वारी फडक्यात बांधून माझ्या पोटात ठेवली, माझ्यावर जाड सतरंजी टाकली, देवळाला कुलूप लावलं आणि ती गेली.

तिने चांगल्या मनाने केलं. पण दोन महिने मला कुणी वाजवलं नाही. रोज वाजणाऱ्या ऑर्गनच्या वाटेला उंदीर जात नाही, मित्रांनो. गप्प बसलेल्या ऑर्गनमध्ये ज्वारी असली तर मग काय विचारता! त्यांनी आधी फडकं फाडलं, मग दाण्यांवर ताव मारला, आणि शेवटी माझे पायभाते कुरतडून त्यांच्या चिंध्या केल्या. वरची पिशवी तेवढी वाचली. मी ओरडणार कशाने? ओरडायलाही वारा लागतो.

माघात गाव परतलं. रतनबाई धावतच आली. तिने बाकावर बसून पाय मारले आणि माझ्यातून नुसती फुसफुस निघाली. तिने खालचं दार उघडलं आणि भात्यांच्या चिंध्या बाहेर काढल्या. वाचलेली ज्वारी तिने ओंजळीने गोळा केली. काही दाणे फळ्यांच्या फटीत गेले, ते काढायचे राहूनच गेले.

त्याच आठवड्यात नगरहून मोठ्या पाद्रीसाहेबांचं पत्र आलं. ईस्टरच्या रविवारी ते स्वतः येणार होते. त्यांच्या मडम आणि नगरच्या शाळेतले दोन मास्तर फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणार होते, आणि रतनबाईने ऑर्गनवर साथ करायची होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा विलायती उस्तादाचं संगीत होतं ते. सोबत त्याचे कागदही होते. पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. शहरातल्या मोठ्या देवळाला ऑर्गन हवा आहे. तुमच्या येथील वाद्याची निगा नीट राहत नसेल, तर ते आम्ही घेऊन जाऊ.

रतनबाईने त्या दोन ओळी किती वेळा वाचल्या देव जाणे. शेवटी ती माझ्या झाकणावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. माझ्याशिवाय तिला होतं कोण?

तोड आश्रुबाने काढली. माझ्या पोटात डोकं घालून त्याने सगळं निरखलं. "बाई, वरली पिशवी शाबूत हाय. खालून वारा भरायला पायजे एवढंच ना? मग भाता कुणाचा का असंना! साखरावैनीचा आनू की."

साखराबाई म्हणजे गावची लोहारीण. बकऱ्याच्या कातड्याचे दोन जोडभाते होते तिचे, एक दाबला की दुसरा फुगायचा. लग्न झाल्यापासून ती भाता चालवायची आणि तिचा नवरा मुंजाजी घण घालायचा. पण मुंजाजी माळावर त्या तापात गेला होता, आणि तेव्हापासून लोहारसाळ बंद होती. आश्रुबा विचारायला गेला आणि हात हलवत परत आला. "न्हाई म्हनली. भात्याला हात लावला की मानसाचं तोंड दिसतंय म्हनली."

दुसऱ्या दिवशी सकाळी साखराबाई डोक्यावर दोन्ही भाते घेऊन स्वतःच दारात उभी.

"मास्तरीणबाई, कुटं लावायचा त्यो सांगा."

"मावशी, तुम्ही तर नाही म्हणाला होता ना?"

"म्हनले हुते. मग रातभर डोळ्याला डोळा न्हाई. माळावर आमचे भावकीतले लोक धा हात लांब हुबे राहत हुते. माज्या मानसाला शेवटचं पानी कुनी पाजलं? तुमीच ना? मग भाता कावून न्हाई द्यायचा?"

भात्याच्या नळ्या माझ्या पिशवीच्या तोंडाशी जोडून वर ओलं गोणपाट गुंडाळलं. साखराबाई माझ्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने लोखंड तापवायच्या जोरात भाता मारला. मी म्हशीसारखा असा काही हंबरलो की लिंबावरचे कावळे उडाले!

आश्रुबा पोट धरून हसला. "अहो वैनी, फाळ न्हाई तापवायचा! दूध तापवायचंय, उतू जाऊ द्यायचं न्हाई."

रोज दुपारी सराव चालला. साखराबाईला मागून काहीच दिसत नसे, ती नुसती ऐकायची. सूर लांबला की हात हळू, सूर चढला की हात घाईत. पंधरवड्यात ती आणि मी एकत्र श्वास घ्यायला लागलो. इतक्या वर्षांत कारखान्याच्या पायभात्यांनी मला असा वारा कधी दिला नव्हता.

ईस्टरचा रविवार उजाडला. देऊळ खच्चून भरलं, बाहेर लिंबाखालीही माणसं. पाटील भगवानराव आले म्हणून एक खुर्ची मागवावी लागली. फिडलवाल्यांनी माझ्या सुरावर तारा लावल्या. मडमांनी खूण केली तसा आश्रुबाही सारंगी घेऊन शेजारी बसला. कागद त्याला वाचता येत नव्हता, पण महिनाभर ऐकून त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं.

मग सुरू झालं. तारांचा सूर वर वर जाई आणि खालून मी त्याला धरून राही. विलायती गाणं होतं, पण लोक गप्प बसून ऐकत होते. गाव दोन महिने माळावर राहून, माणसं पुरून, जाळून परतलं होतं. त्यानंतर सगळे असे एका ठिकाणी पहिल्यांदाच बसले होते. कुणाचे डोळे भरले, कुणी खाली बघत राहिलं. शेवटचा सूर फार लांबचा होता. फिडल थांबले, सारंगी थांबली, मी एकटा उरलो, आणि मागे साखराबाई एकेक वीत वारा सोडत होती. तो सूर विरला तेव्हा बाहेरच्या बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा ऐकू आली.

पाद्रीसाहेब उठले. त्यांचा चेहरा फुलला होता. माझे कुरतडलेले पायभाते त्यांनी आल्या आल्याच पाहिले होते. "उंदरांचा उपद्रव झाला, त्यात कोणाचा दोष नाही," ते आपल्या छापील मराठीत म्हणाले. "रतनबाई, हे वाद्य येथेच राहील."

रतनबाईचे खांदे सैल पडले. मीही सुटकेचा श्वास सोडला. साहेब कौतुकाने बाकावर बसले आणि त्यांनी माझा सगळ्यात खालचा सूर दाबला. साखराबाईने वारा दिला. माझं सगळं अंग थरथरलं आणि आतून आवाज आला, खुळखुळ, खुळखुळ.

"हा आवाज कसला?"

मित्रांनो, त्या क्षणी रतनबाईला 'जुनं लाकूड वाजतंय' एवढं म्हणून सुटता आलं असतं. साहेबांनी ते मानलंही असतं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने वाकून खालचं दार उघडलं, फटीत बोट घातलं आणि तीन दाणे तळहातावर घेऊन साहेबांपुढे धरले.

"ज्वारी आहे, साहेब. बियाणं मी यात ठेवलं होतं. उंदीर माझ्यामुळे आले. दोष माझाच."

साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्ही खरे बोललात," ते अखेर म्हणाले. "पण वाद्य म्हणजे कणगी नव्हे. मला ते न्यावे लागेल. नगरात त्याला नवे भाते बसतील."

तेवढ्यात माझ्या मागून साखराबाई उठली. डोक्यावरचा पदर सावरत ती साहेबांसमोर आली.

"साहेब, बाईनं बी जपलं त्ये सगळ्या गावासाठी. त्यातला एक दाना तिनं घरला न्हेला न्हाई. चुकली असंल, जागा चुकली. तुमी पेटी न्ह्या, तिला नवा भाता मिळंल. पर माजं मानूस गेलं तवापासून माजा भाता गप हुता, त्यो आज बोलला. पेटी गेल्यावर त्यानं कुनासाठी बोलायचं?"

साहेबांनी रतनबाईच्या तळहातावरचे दाणे उचलले, क्षणभर पाहिले आणि परत तिच्याच हातात ठेवले.

"रोज वाजवाल?"

"रोज," रतनबाई म्हणाली. तिच्या मागून साखराबाईनेही मान हलवली.

मी तिथेच राहिलो. साखराबाईने लोहारसाळ पुन्हा सुरू केली. सकाळी तिचा भाता आगटीला, संध्याकाळी मला. मृगात त्या उरलेल्या ज्वारीची पेरणी झाली. पुढची वीस वर्षं असा एक दिवस गेला नाही की रतनबाईने मला वाजवलं नाही, अगदी अंगात ताप असतानाही.

आता दोघी नाहीत. आश्रुबाही नाही. जोडभात्यांचं कातडं वाळून पापडासारखं झालंय. मला कोपऱ्यात ढकललं आहे. लोक मला मान देतात, नाही असं नाही. वर छानसं कापड टाकतात, सणाला फुलं ठेवतात, मुलांनी हात लावला की ओरडतात. पण कापडाखाली मी त्या माळावरच्या दोन महिन्यांसारखाच मुका आहे.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला झाकून ठेवू नका. चुकतमाकत का होईना, रोज थोडं वाजवा. त्याला तेवढं पुरतं. आणि कधी आमच्या बाजूला आलात तर एखादा भाता घेऊन या, माझ्यात जरा वारा भरा आणि सगळ्यात खालचा सूर दाबा. आत काही खुळखुळलं तर दचकू नका. फटीत उरलेले ते दाणे पुढे कुणी काढले नाहीत, रतनबाईनेच काढू दिले नाहीत.