चुलींची संख्या

आमच्या पाहणीत घर म्हणजे चूल. एका चुलीवरचं जेवतात ते सगळे एक कुटुंब. मग त्यांचा खर्च, छप्पर, पाणी, शिक्षण एकत्र मोजायचं. गरीब कोण हे त्यावरून ठरतं, आणि गरीब ठरलं तर ऑपरेशन फुकट होतं.

एका खोलीच्या घरातल्या आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी फॉर्म उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "लिहा बाई, माझी चूल वेगळी."

"वेगळी?" सून शिलाई मशीनवरून उठली. "मग काल माझ्या पातेल्यातले बटाटे कोणी वेचून खाल्ले? दिसत नाही म्हणे! बटाटा बरोबर दिसतो."

"बटाटा हाताला लागतो गं."

"आणि चारचौघांत मी काय सांगू? सासूला वेगळं काढलं?"

दारात दोन शेजारणी उभ्या होत्या. सुनेचा आवाज खाली आला, राग नाही.

खोलीत गॅसची एकच शेगडी होती. मी 'एक' लिहिलं. मुलगा कारखान्यात लेथवर कामाला. त्याची दहावी, सुनेचं मशीन, घरातला नळ, माणशी खर्च, सगळं आजींच्याही नावावर लागलं. घर दारिद्र्यरेषेच्या थोडं वर आलं. आजी गरीब नव्हत्या.

"आणि एकट्या असत्या तर?" सुनेने विचारलं.

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, अशी आम्हाला सूचना आहे. मी फक्त नियम वाचून दाखवला: मागचे तीस दिवस ज्या चुलीवरचं जेवण, ते कुटुंब. फेरपाहणी पुढच्या महिन्यात.

पस्तीस दिवसांनी मी परत गेले. दुसऱ्या कोपऱ्यात फरशीवर रॉकेलचा स्टोव्ह होता. आजींच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजलेली होती; एक जखम अजून ओली. कपडे अंगावर सैल झाले होते. दारात या वेळी कोणी नव्हतं.

"विचारा आता," सून म्हणाली. "एकतीस दिवस झाले. यांच्या पातेल्यात मी मीठसुद्धा टाकलं नाही."

"मी कधी दोनदा टाकते, कधी विसरते," आजी म्हणाल्या. "पण माझ्या जेवणाला नावं ठेवायला कोणी नाही, ते बरंय."

"मुलगा काय म्हणतो?"

"काय म्हणणार? भिंतीकडे तोंड करून जेवतो," सून म्हणाली. "आणि शेजारणींनी शिवायला कपडे टाकणं बंद केलंय."

पातेल्याचं झाकण उचलून पाहायचं असतं. मी पाहिलं. भात तळाला लागला होता. चुलींची संख्या, दोन. आजींच्या कुटुंबातल्या व्यक्ती, एक. बाकीचे रकाने भरले तेव्हा आजी रेषेच्या बऱ्याच खाली गेल्या होत्या.

"झालं लिहून?" सुनेने पळी उचलली. "मग वाढू आता यांना?"

"या फॉर्मच्या तपासणीला दुसरं कोणी येऊ शकतं."

"कधी?"

"आधी कळवत नाहीत."

तिने पळी परत ठेवली.