पाठमोरे आप्पा

"चढलीस काय गं?"

"चढले, आप्पा."

"मग बोलत ऱ्हा. तू बोलल्याबिगर मला काय कळनार?"

रवळूआप्पा अंगणातल्या फणसाखाली बसले होते आणि त्यांची पाठ घराकडं होती. शिकवायचं छपरावरचं काम आणि तोंड मात्र भाताच्या खाचराकडं, असा हा गुरू होता. बाईमाणूस लुगडं खोचून छपरावर चढलंय आणि आपण खालून मान वर करून बघतोय, हे त्यांना मरेपर्यंत जमलं नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मालुबाईला बजावलं होतं, "मी बघनार न्हाय. जे काय असंल ते माझ्या कानास्नी सांगायचं."

मालुबाईनं एक कौल उचलून त्याला टिचकी मारली. खणकन वाजलं.

"ऱ्हाऊ दे ते. फुडचं घे."

पुढचं बद्द वाजलं. उलटंसुलटं करून पाहिलं तरी त्याला काही झालेलं दिसेना.

"त्येला चीर हाय. बाजूला ठेव," आप्पा म्हणाले.

"दिसत तर न्हाय, आप्पा."

"पावसाला दिसती."

मालुबाईला हसू आलं. हसताना तिचं लक्ष स्वतःच्या उघड्या पोटऱ्यांकडं गेलं आणि तिनं घाईघाईनं लुगडं खाली ओढलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरीही ओढलं.

गुंजी गावाच्या पलीकडं रानाला लागून असलेल्या त्या गावात मृगाच्या आधी घरं शाकारावीच लागत. नळीची कौलं उतरवायची, वानरांनी फोडलेली काढून टाकायची, आणि खालची उताणी, वरची पालथी अशी पुन्हा बसवत जायची. काम बाप्यांचं. घराच्या आढ्याला तिथं देव मानतात, नारळ बांधतात. बाईचा पाय छपराला लागता कामा नये. मालुबाईचा नवरा शामू होता तोवर तो शाकारायचा. तो लाकूडतोडीच्या कामावर हिवतापानं गेला. त्यानंतर दीर भरमूनं वर्ष दोन वर्षं कुरकुरत केलं, आणि यंदा तो सरळ म्हणाला, "वैनी, मला सवड न्हाय. आन् एकट्या बाईनं मळ्यात ऱ्हायाचंच कशापायी? गावात या आमच्याकडं. चुलीपाशी जागा हाय. शेताचं मी बघतो."

चुलीपाशी जागा म्हणजे काय, हे मालुबाईला पक्कं ठाऊक होतं. शेताचं मी बघतो म्हणजे काय, हेही. त्या मुलखातला पाऊस एकदा लागला की चार महिने उसंत देत नाही. घर गळायला लागलं की तिला बोचकं उचलून निघावंच लागणार होतं. भरमूला त्यासाठी भांडायची, ओरडायची काही गरज नव्हती. शिडी लावली नाही की झालं.

दुसरा माणूस लावावा तर गावातले धट्टेकट्टे सगळे लढाईच्या भरतीला बेळगावच्या कॅम्पात गेलेले. आप्पांचे दोन्ही मुलगेही त्यांतच. आप्पा स्वतः पंचक्रोशीतले नावाजलेले शाकारणारे, पण गुडघा कामातून गेला होता. मालुबाई त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा ते बराच वेळ गुडघा चोळत बसले, आणि म्हणाले, "मला चढवत न्हाय. पर तुझं पाय तर धड हायत की."

आप्पांना गावात एक मान होता. रवळनाथाच्या देवळाची शाकारणी त्यांच्या घराण्याच्या हातानं सुरू व्हायची. पहिलं कौल त्यांचं, मग बाकीच्यांची. गुडघा गेल्यावरही आप्पा दात आवळून शिडीच्या थोड्या पायऱ्या चढत, वळचणीला ते कौल ठेवत, आणि उतरताना सगळ्या गावावरून नजर फिरवत. वर्षभर पुरेल एवढं ते त्यातून घेत असावेत.

मालुबाईच्या छपराचं मागचं पाखं, म्हणजे मागची उतरती बाजू, चोरून चोरून झालं होतं. राहिलं होतं ते वाटेच्या बाजूचं. तिथं चढायचं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडायचं. म्हणून तिनं दिवस निवडला तो शिवेच्या पालखीचा. त्या दिवशी सगळं गाव पालखीबरोबर असतं, आणि पालखी जाते ओढ्याच्या पलीकडून. इकडं चिटपाखरू फिरकणार नव्हतं.

आप्पा आधी नाहीच म्हणाले. "पालखी सोडून मी तुझ्या अंगणात बसू?"

"आप्पा, लोकांनी मला वर बघितलं तर तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाय मला."

हे ऐकल्यावर त्यांनी काठी उचलली.

उन्हं तापेपर्यंत काम छान चाललं. मालुबाईचा हात आता बसला होता. कौल वाजवायचं, वरच्याची कड खालच्यावर चार बोटं येईल असं दाबायचं, पुढं सरकायचं. आप्पा पाठमोरे बसून नुसते "हं" म्हणत. त्यांचा "हं" आला की तिला बरं वाटे. आयुष्यात तिच्या कुठल्या कामाला कुणी एवढं मन लावून ऐकलं नव्हतं.

आणि ढोल वाजला. लांब नाही, जवळच, मळ्याच्या वळणावर.

ओढ्यावरचा साकव मोडला होता. पालखी पलीकडं जाऊ शकली नाही, म्हणून माणसं तिला घेऊन मळ्याच्या वाटेनं आली होती. पालखीच्या वर कुणी असता कामा नये, हा त्या गावचा दंडक. ती जाते तेव्हा पोरंसुद्धा आंब्यावरून खाली उड्या टाकतात. शिडी वाटेच्या बाजूला होती. उतरली तर ढोलवाल्यांच्या समोरच उतरणार. मालुबाई वळली, चार पायांवर आढ्याकडं सरकली, आढ्यावर पाय देऊन पलीकडच्या पाख्यावर गेली आणि कौलांवर पालथी पडली. सरकताना तिच्या पायानं वाटेच्या बाजूचं एक कौल निसटलं होतं. ते घरंगळत गेलं आणि वाटेवर पालखीच्या पुढ्यात फुटलं.

ढोल थांबला.

"कोन हाय रं वर?" हा गावड्याचा, म्हणजे गावच्या प्रमुखाचा, परशरामचा आवाज. पालखीच्या पुढं तोच चालायचा.

"ह्ये तर वैनीचं घर." पालखीचा दांडा भरमूच्या खांद्यावर होता. "वैनी कुठं हायत?"

छपराच्या पलीकडं मालुबाईचा गाल तापल्या कौलाला टेकला होता. तिला दिसत काही नव्हतं. फक्त काठीचा आवाज आला, फणसाखालून वाटेपर्यंत.

"मी होतो वर," आप्पा म्हणाले. "ढोल ऐकला आन् उतरलो. कौल माझ्याच हातनं सुटलं."

"तुमच्या गुडघ्याला चढवतंय व्हय?" भरमूनं विचारलं.

"आज चढवलं."

"आन् वैनी?"

"पान्याला गेलीया."

मग ढोल पुन्हा सुरू झाला आणि लांब लांब गेला. मालुबाईच्या छातीत पहिल्यांदा काय आलं असेल, तर सुटकेचा श्वास. वाचले, असंच तिला वाटलं. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला त्या एका श्वासासाठी क्षमा करू शकली नाही.

पंच देवळाच्या आवारात बसले. बायका दीपमाळेच्या मागं उभ्या होत्या, आणि त्यांत मालुबाईही होती. तिच्या शेजारीच आप्पांची बायको अक्काताई.

परशराम गावडा वाईट माणूस नव्हता. त्याला हे बोलणं जडच जात होतं. "आप्पा, तुमी जाणतं मानूस. पालखीला आला न्हाईसा, वर देवाच्या डोक्यावर बसलासा. दुसऱ्या कुनी केलं असतं तर गोष्ट येगळी. पर देवळावर पहिलं कौल ठेवनारा हात तुमचा. आता त्यो कसा ठेवू द्यायचा?"

आप्पा खाली बघत होते.

"यंदापास्नं पहिलं कौल भरमू ठेवील," परशराम म्हणाला. "काय म्हनायचं हाय तुमाला?"

मालुबाईचं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. 'मी होते वर' एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं तिचं घर आलं, नुकतं शाकारलेलं, आणि घरापुढचं खाचर. ती बोलली असती तर संध्याकाळच्या आत तिची भांडी भरमूच्या पडवीत गेली असती. छपरावर चढणाऱ्या, पालखीच्या वर पाय देणाऱ्या रांडमुंड बाईला एकटं राहू द्यायला कोण तयार होणार होतं?

"काय न्हाय," आप्पा म्हणाले.

अक्काताईनं मान वळवून मालुबाईकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि पुन्हा समोर बघू लागली. मालुबाईनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

पाऊस लागला. मालुबाईचं घर थेंबभरसुद्धा गळलं नाही. आप्पांनी कानांनी शिकवलेलं काम ते; कुठं खोट नव्हती. चूल कोरडी, अंथरूण कोरडं, भाताचं बियाणं कोरडं. एखादं तरी भोक राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. निदान एखादं भांडं तरी खाली ठेवावं लागलं असतं. गावात जायचं झालं की ती आप्पांची आळी टाळून मागच्या चिखलातून जाई.

मग पावसानं थोडी उघडीप दिली, तेव्हा विहिरीवर अक्काताई भेटली. घागर भरता भरता ती म्हणाली, "आमच्या चुलीत पानी साचतंय. बेडकं येत्यात." तक्रारीचा सूर नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं बोलली, आणि घागर उचलून गेली.

ज्यानं अख्ख्या गावाची घरं शाकारली, त्याचं घर उघडं पडलं होतं. मुलगे लढाईवर. भरमू आणि बाकीचे म्हणत, बघू, उद्या बघू. मान गेलेल्या माणसाचा उद्या लवकर उजाडत नाही.

दुसऱ्या दिवशी, बाजाराला निघालेली माणसं वाटेवर असताना, मालुबाई खांद्यावर शिडी घेऊन गावातून चालत आली. आप्पांच्या वळचणीला तिनं शिडी लावली, लुगडं खोचलं आणि चढली.

आप्पा बाहेर आले. "उतर."

"न्हाय उतरत, आप्पा."

"मालू, लोकं हायती."

"असू देत की."

आप्पांनी वाटेकडं एकदा बघितलं. मग अंगणात नव्या कौलांचा ढीग होता त्याच्याजवळ बसले, पाठ घराकडं करून. सवयच ती. मालुबाईनं फुटकी कौलं काढायला सुरुवात केली. वाटेवरची माणसं थांबली. कुणीतरी भरमूला बोलावलं, कुणीतरी परशरामला.

"वैनी!" भरमू खालून ओरडला. "लाज हाय का न्हाय?"

"हाय, भावजी. लई हाय. म्हनून तर चढले." तिनं आवाज मोठाच ठेवला. "पालखीच्या दिशी वर मीच होते. आढ्यावर पाय माझा पडला. कौल माझ्या पायानं सुटलं. आप्पा फनसाखाली बसले होते. त्यांचा मान त्यांना परत द्या, गावडेबाबा."

बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं खाली पाहिलं. आता तरी आप्पा मान वर करतील, अशी तिची समजूत होती.

आप्पांची पाठ तशीच होती. फक्त ती थोडी वाकली होती.

परशराम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आप्पा, खरं हाय ह्ये? पालखी समोर हुती. देवाच्या तोंडावर तुमी खोटं बोललासा?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"मग मान कसला परत देऊ आप्पा, तुमीच सांगा." परशरामनं डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं आणि तो निघून गेला. त्याला आप्पांकडं बघवत नव्हतं.

भरमू मात्र थांबला. "वैनी, भात कापून झालं की बिऱ्हाड गावात आनायचं. एकट्या बाईचं काय व्हतं ते आज गावानं बघितलं." मग तोही गेला, आणि बाजारची माणसं बाजाराला गेली.

मालुबाई उघड्या वाशांवर बसून राहिली. घर गेलं होतं. ते जाणार हे ती घरून निघतानाच समजून निघाली होती. पण आप्पांना आपण खोटारडं केलं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. गावाच्या लेखी त्यांचा नुसता पाय चुकला होता. आता जीभ चुकली. आणि हे सगळं तिनं स्वतःचं मन हलकं करायला केलं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी बोलायचं न्हवतं का?"

आप्पांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"तवा बोलायचं होतंस," ते म्हणाले. "न्हायतर कवाच न्हाय."

दारात अक्काताई उभी होती. ती आत गेली. आत साचलेलं पाणी ती सुपलीनं बाहेर टाकू लागली, त्याचा आवाज येत राहिला. रानावर पुन्हा काळं भरून येत होतं.

"आबाळ आलंय," आप्पा म्हणाले. "हात चालव."

मालुबाईनं एक ओळ आढ्यापर्यंत नेली. तिचे डोळे भरले होते, तरी कौलाच्या कडा तिनं चार बोटं बरोबर घेतल्या. मग पुढची ओळ धरायला ती सरकत सरकत वळचणीला खाली आली. वळचण ठेंगणी होती. हाताशी कौल उरलं नव्हतं. मागायला तिची जीभ उचलेना.

आप्पांनी ढिगातलं एक कौल घेतलं, टिचकी मारून कानाशी धरलं. बद्द वाजलं. ते बाजूला ठेवून त्यांनी दुसरं घेतलं. खणकन वाजलं. मग काठीवर जोर देऊन ते उठले, वळचणीपर्यंत उलट पावलांनी मागं मागं आले, आणि मान न वळवता ते कौल खांद्यावरून वर धरलं.

मालुबाईनं वाकून ते घेतलं.