मांडीतला आळशी दारवान

मी बोलतोय महेश देवरेंच्या उजव्या मांडीतून. त्यांचा स्नायू. इकडंतिकडं शोधू नका, मी पॅंटच्या आत आहे.

लहानपणी सायकल मारून मारून मी चांगला तयार झालो होतो. पुढे मालकांना नाशिक रोडला नोकरी लागली, स्कूटर आली आणि माझी चैन सुरू झाली.

काम तसं सोपं. जेवण झालं की इन्सुलिनबाई रक्तातली साखर घेऊन दार वाजवतात. उघडायचं आणि साखर आत घ्यायची. राबत होतो तेव्हा पहिल्याच टकटकीला उठायचो. आता कोण उठतंय? झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही! बाई बाहेर ताटकळतात, साखर रक्तातच फिरत राहते.

मालक अंगानं काडी, आणि त्याचीच त्यांना घमेंड. बायको सरिता अंगानं भरलेली. ती रोज संध्याकाळी चालायला निघाली की हे सोफ्यावरून म्हणायचे, "तू जा बाई. मला काय गरज? आणि श्रावणात ब्रह्मगिरी डोंगराची पायी फेरी मारतोच की मी!"

फेरी मारतात, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी इन्सुलिनबाईंची वाटही न बघता साखर ओढतो. नंतरही एक-दोन दिवस दार सताड उघडं असतं. मग मी पुन्हा घोरायला मोकळा. मालकांना मात्र वाटतं, वर्षाची बेगमी झाली.

आज दोघांची तपासणी झाली. सरिताचं वजन होतं तेवढंच, पण साखर उतरलेली. मालकांची चढलेली.

"तीन महिन्यांत फरक पडला नाही तर गोळ्या सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला? अहो, मी कुठं जाड आहे?"

"साखर वजनकाटा बघून येत नाही."

मालकांच्या आईच्या, सुलाबाईंच्या, पायाचा अंगठा साखरेपायीच कापावा लागला होता. तिचं ड्रेसिंग हेच करायचे. तो पाय आठवला आणि माझी सगळी मस्ती उतरली. मी खरंच घाबरलो.

संध्याकाळी सरिता चपला घालत होती. मालक उठले. "थांब, मी पण येतो. हळू चाल हां, दमशील."

कोपऱ्यापर्यंत जाईतो धापा टाकायला लागले ते मालकच.

"काय हो फेरीवाले?" सरिता हसली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गरम जिलेबीकडे ते वळले, तसं तिनं दंडाला धरून त्यांना पुढे नेलं.

रात्री जेवणानंतर इन्सुलिनबाई आल्या. एकदाच टकटक केली, मी दार उघडलं. त्या बिचकल्याच. म्हणाल्या, "पत्ता चुकला का माझा?"

मालक, उद्याही चला. माझी आठवण फार तर दोन दिवसांची आहे. नंतर बाईंनी दार वाजवलं तर मी विचारेन, कोण तुम्ही?