कोपऱ्यातला राउटर

तिनं राउटरचं बटण दाबलं आणि पाचही दिवे विझले.

“आता बघा,” ती टेबलाभोवती बसलेल्यांना म्हणाली. “सकाळी मी यात फोन वळवायचा एक तात्पुरता मार्ग टाकला होता. हा सुरू होईल तेव्हा तो गेलेला असेल. नंतर पुसायची कटकटच नको!”

आठ दिवस टेलिफोनच्या ऑफिसात याच एका गोष्टीवरून डोकेफोड चालली होती. राउटरमध्ये तात्पुरते मार्ग टाकायचे ते कुठल्या प्रोटोकॉलनं, म्हणजे कुठल्या नियमावलीनं? साहेबांना जुना हवा होता. तो हळू, पण दहादा तपासून घेणारा. तिला नवा हवा होता, चटपटीत. प्रात्यक्षिकासाठी तिनं मुद्दाम कोपऱ्यातला जुनाट राउटर निवडला. त्यावर ‘राखीव’ अशी चिठ्ठी होती आणि गेली सहा वर्षं त्याला कुणी बोट लावलं नव्हतं.

आठ मिनिटांनी एकेक करून दिवे लागले. तिचा मार्ग नाहीसा झाला होता. साहेबांनी नाक मुरडलं, तशी ती आणखीच खुलली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममधली बाई होती.

“तुमच्याकडे काही झालंय का हो? नऊ मिनिटं झाली, एक फोन नाही. मला आधी वाटलं, चला, आज लोक सुखी आहेत.”

फोन कानाशी धरूनच तिनं पडद्यावरची मार्गांची यादी खाली सरकवली. तिच्या मार्गाबरोबर आणखी एक मार्ग पुसला गेला होता. कुणीतरी रुग्णवाहिकांचे फोन या राउटरमधून वळवले होते, तेही तात्पुरते, आणि तसेच सोडून दिले होते. रजिस्टरमध्ये सहा वर्षांपूर्वीची एकच ओळ सापडली. मार्गाचे आकडे नाहीत, खाली अण्णांची सही. अण्णा मागच्या वर्षी निवृत्त झाले होते.

“सहा वर्षं!” साहेब कडाडले. “म्हाताऱ्यानं पार वाट लावली आपली!”

तिलाही संताप आला. याच माणसानं तिला काम शिकवलं होतं. तिनं मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला.

“अण्णा, तो कोपऱ्यातला राउटर…”

“बंद झाला?”

“मी केला.”

“लिही,” अण्णा म्हणाले, आणि न अडखळता आकडे सांगत गेले.

तिनं ते टाकले. दुसऱ्या फोनवर कंट्रोल रूममधली बाई ओरडली, “आले! एकदम सहा आले!” मग तिचाच आवाज खाली आला. “आणि मधल्या चौदा मिनिटांत कुणी केले होते, ते कळेल का हो?”

“नाही,” ती म्हणाली. “ते आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत.”

तो फोन ठेवून ती मोबाइल घेऊन जिन्यात आली; अण्णा अजून लाइनवर होते. ती पायरीवरच बसली.

“आकडे पाठ आहेत तुमचे! मग पक्का का नाही केलात तो मार्ग?”

“पक्का करायचा तर अर्ज करावा लागतो. कुणी टाकला, ते विचारतात.”

“तुम्हीच ना?”

पलीकडे अण्णांनी दार लोटून घेतलं.

“तू टाकलास, पोरी. तुझा दुसरा आठवडा होता. केबल तुटली, मी खाली धावलो आणि तू माझ्या लॉगिननं मार्ग टाकून मोकळी झालीस. फोन सुरू झाले म्हणून मला केवढं कौतुक वाटलं! पण शिकाऊ माणसाला हात लावायची परवानगी नव्हती. तुला घरी पाठवलं असतं.”

“मला आठवतसुद्धा नाही.”

“कसं आठवेल? मीच सांगितलं होतं, पुढचं मी बघतो. सही केली, चिठ्ठी डकवली आणि मग आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. चूक माझी आहे, गं.”

वरून साहेब तिला हाक मारत होते.

ती आत गेली तेव्हा साहेबांनी अहवाल निम्मा लिहून काढला होता. “कारण, निवृत्त कर्मचारी अण्णा यांचा हलगर्जीपणा,” त्यांनी वाचून दाखवलं. “बरोबर आहे ना? सही कर, की पाठवतो.”

तिनं पेन घेतलं. अण्णांचं नाव खोडलं, आणि वर स्वतःचं लिहिलं.