खेचर व्यालं त्याची गोष्ट

"सृष्टीचा नियम आज नारीन नदीच्या खोऱ्यात मोडला!" झाडपाला-मंत्राने उपचार करणाऱ्या बेगिमकुल तबीबाने दोन्ही हात आभाळाकडे उचलून जाहीर केलं, आणि मागे उभ्या खेचराने त्याची उंच, लोकरीच्या नमद्याची टोपी डोक्यावरून उचलून चघळायला घेतली.

गर्दीला त्याचंही कौतुक वाटलं. खेचराशेजारी दोन दिवसांचं शिंगरू दोरीला बांधलेलं होतं.

"माझं जे मंतरलेलं पाणी पिऊन खेचर व्यालं, ते पिऊन सून विणार नाही?" तबीब गरजला. "नाहीच व्याली, तर पाणी खोटं नाही. तिच्या पोटात पाप आहे!"

बुरुल हे ऐकत होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि घरी सासूच्या सात दुभत्या घोड्यांचं दूध काढायची. तिचे तीन गर्भ पडले होते. गेल्या वर्षी याच तबीबाने तिला भर अंगणात मेंढीच्या ताज्या फुप्फुसाने झोडपलं होतं, पाप निघावं म्हणून. तो वास अजून तिच्या नाकातून गेला नव्हता. आणि हे पाणी लागू पडलं नाही तर तिला माहेरी धाडायचं, असं सासूने कालच सांगून टाकलं होतं.

"जा गं, पी," सासूने कोपराने ढोसलं.

"पिते, अपा. आधी या बाळंतिणीचं दूध तर बघू."

सगळं गाव घोडीच्या आंबवलेल्या दुधावर वाढलेलं, पण हे कुणाला सुचलं नव्हतं. बुरुलने बादली तबीबाच्याच हातात दिली.

"काढा. चमत्कार तुमचा."

"मी? मी पवित्र माणूस..."

"एक गुडघा टेका. आमच्यात तसंच काढतात."

"टेक की रे!" मागून एक म्हातारी ओरडली.

त्याने टेकला. थेंब निघाला नाही. लाथ मात्र निघाली, आणि बादली गर्दीवरून उडून गेली. तबीबाच्या तंबूमागे एक घोडी खिंकाळली. येतानाच बुरुलने तिला पाहिलं होतं. सडांतून दूध गळत होतं. तिने शिंगराची दोरी सोडली. ते खेचराकडे न बघता धावत सुटलं आणि घोडीच्या कासेला लुचू लागलं.

"ही तर याच्या मेहुण्याची घोडी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"आता ऐका," बुरुल म्हणाली. "घोड्याची गुणसूत्रं चौसष्ट, गाढवाची बासष्ट. बीज तयार होताना त्यांच्या जोड्या लागतात आणि निम्मी वाटणी होते. एकाकडून बत्तीस आली, दुसऱ्याकडून एकतीस. खेचराची झाली त्रेसष्ट. जोड्याच नीट लागत नाहीत, तर धड बीज होणार कुठून? लाखात एखादं खेचर व्यालंही असेल, पण त्याला पान्हा फुटेल ना! माणसातही कधी वाटणी चुकते. एखादं गुणसूत्र जास्त जातं, एखादं कमी, आणि गर्भ पडतो. ते ना बाईचं पाप, ना पुरुषाचं. नवरा-बायको दोघांनी दवाखान्यात जावं. आणि जे तपासता येतं, ते तपासल्याशिवाय मानू नये. एवढंच."

तिने लांब पडलेली बादली उचलून आणली.

"बाकी पाप काढायचंच असेल," बुरुल तबीबाकडे वळली, "तर फुप्फुस मागवू का?"

"दोन मागव," सासू म्हणाली. "मेंढ्या माझ्या." आणि तिने मंतरलेल्या पाण्याची अख्खी बाटली त्याच्या टकलावर रिकामी केली.

तबीबाने डोळे पुसले. खेचर शांतपणे चघळत होतं.

"बायांनो," तो हळूच म्हणाला, "तेवढी टोपी सोडवून देता का?"